शेवटचं कडवं

मधलीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. थोरलीच्या पाठची आणि धाकट्याच्या आधीची, म्हणून घरात मधली. घरातून ते नाव मामाच्या चष्म्याच्या दुकानात गेलं, दुकानातून चर्चमध्ये पोचलं, आणि चर्चमध्ये एकदा नाव पडलं की चार पाळक बदलले तरी ते पुसलं जात नाही. पुढे थोरली लग्न करून गेली, धाकटा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला. दोन्ही बाजू रिकाम्या झाल्या, तरी ही आपली मधलीच राहिली.

आठवडाभर ती मामाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसे. तिथे भिंग घासायचं चाक होतं, त्यावर थेंब थेंब पाणी पडायचं, आणि शेजारी तापलेल्या बारीक वाळूचं पसरट भांडं असायचं. चष्म्याची काडी त्या वाळूत खुपसायची, मऊ झाली की बोटांनी वाकवायची आणि गिऱ्हाइकाच्या कानामागे नीट बसते का ते पाहायचं. बोटं भाजायची, पण हळूहळू त्यांनाही सवय झाली. मामा पुढे काउंटरवर बसून गप्पा मारायचा. कपाळावर चढवलेला चष्मा शोधत येणारं गिऱ्हाईक आलं, की त्याला आधी नवीन फ्रेमा दाखवायच्या आणि मग जुना चष्मा काढून हातात द्यायचा, हा त्याचा आवडता उद्योग होता.

रविवारी ती चर्चमधली पेटी वाजवी. पेटी म्हणजे मांडीवर घेऊन बसायची नव्हे. भिंतीला टेकून उभी असलेली, दोन्ही पायांनी हवा भरायची आणि दोन्ही हातांनी वाजवायची. पाय थांबले की ती म्हाताऱ्या माणसासारखी कण्हून गप्प व्हायची. शाळेत असतानाच मधली त्या बाकड्यावर बसली, ती बसलीच.

त्या मंडळीत वर्षातून एकदा पाठवणीचा रविवार येई. जवान मुलंमुली तीन महिन्यांसाठी समुद्रापलीकडच्या बेटांवर सेवेला जात. तिथे मिशनचा दवाखाना होता, लहानशी शाळा होती. कोणी शिकवायचं, कोणी मलमपट्टी करायची, कोणी छपरं दुरुस्त करायची, आणि संध्याकाळी सगळ्यांनी बायबलमधलं वचन वाचायचं, गायचं, प्रार्थना करायची. ज्याला जायचं त्याने अर्ज करायचा नाही की कोणाची चिठ्ठी आणायची नाही. पाळक उपदेश करत, “कोण जाईल?” असं विचारत, आणि मग चार कडव्यांचं एक गीत होई. शेवटच्या कडव्यात ज्याला जायचं त्याने आपल्या बाकावरून उठून चालत पुढे यायचं, एवढीच रीत. जुनी माणसं म्हणत, ज्याच्याने बाकापासून वेदीपर्यंत चालवत नाही, तो समुद्र काय ओलांडणार? आधी पाळकांच्या कानात सांगून ठेवणं म्हणजे वशिला, आणि गीत संपल्यावर येणं म्हणजे गाडी सुटल्यावर फलाटावर धावणं. पुढे आलेल्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना व्हायची, तीनदा आमेन गायलं जायचं, आणि वर्षभराचा विषय मिटायचा.

आता सांगा, शेवटच्या कडव्यात जिचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय गुंतलेले, तिने चालत जायचं कसं?

हा प्रश्न त्या मंडळीत कोणाला कधी पडला नाही. मधली पुढे येत नाही, म्हणजे तिला देवाचं पाचारण नाही, असा सरळ हिशेब होता. एकदा तिने पाळकसाहेबांकडे बोलता बोलता विषय काढून पाहिला, तर ते प्रेमाने म्हणाले की देवाने तुझी जागा तुला केव्हाच दाखवली आहे, आणि त्यांनी पेटीकडे बोट केलं. काही बायका हळू आवाजात म्हणत, मधलीची ना ती पाठवणी झाली, ना ही. मधलीच्या कानावर ते येई. कान तिचे चांगले होते, तोच तर घोटाळा होता.

खरं तर पहिली काही वर्षं तिलाही वाटायचं की आपल्याला नुसती बोट बघायची हौस आहे, आणि हौसेला पाचारण म्हणू नये. पण गेल्या वर्षी बेकरीवाल्याची थोरली सेवा करून परतली आणि तिने मंडळीपुढे उभं राहून साक्ष दिली. ती काळवंडली होती, बारीक झाली होती आणि डोळे असे चमकत होते की तिच्या आईनेही तिला दोनदा न्याहाळलं. ती म्हणाली, तिथल्या दवाखान्यात खोकी भरून जुने चष्मे येतात, पण ते बसवून देणारं कोणी नाही. म्हाताऱ्यांच्या नाकावरून ते घसरतात. एक आजोबा दोन्ही काड्यांना दोरी बांधून, तिची डोक्यामागे गाठ मारून वचन वाचत बसायचे, आणि दोरी सुटली की ओळ हरवायची.

मंडळी हसली. मधली हसली नाही. तिची बोटं तिच्या मांडीवर आपोआप वाकली, ऊन काडी धरावी तशी. त्या आजोबांचं नाक, त्यांचे कान, ती दोरी, सगळं तिला इतकं जवळ दिसलं की जीव कासावीस झाला. एवढंसं काम. वाळू तापवायची, काडी वाकवायची, की झालं. आणि ते करायला आपण तिथे नाही. त्या दिवसापासून तिला एकच ध्यास लागला. भिंग घासताना, भाजी निवडताना, रस्त्याने चालताना तिला तिथे जावंसं वाटायचं, भूक लागावी तसं रोज, आणि जेवून न भागणारं.

आणि यंदाचं वर्ष शेवटचं होतं. तिशी ओलांडलेल्यांना बेटांवर पाठवत नसत.

घरी आईला तिने एकदा सांगितलं होतं. आई म्हणाली, “जा की. मी काय दोरीने बांधून ठेवलंय?” आणि मग दोन दिवस फक्त भांड्यांशी बोलली. आईचे गुडघे गेले होते. संध्याकाळी दुकानाचं शटर पडल्याचा आवाज आला की ती खिडकीशी येऊन उभी राही, आणि मधली कोपऱ्यावर दिसली की लगेच आत जाऊन कामात असल्यासारखं दाखवी. मधलीला ते ठाऊक होतं, आणि मधलीला ठाऊक आहे हे आईलाही ठाऊक होतं. त्या घरात सगळं असंच चालायचं.

शेवटी मधलीने एक युक्ती काढली. सरळमार्गी माणूस लबाडी करायला निघाला की फार मेहनतीने करतो. गायकांच्या सरावाला तिने सहज म्हटल्यासारखं सुचवलं की रविवारच्या गीताचं शेवटचं कडवं पेटीशिवाय म्हणून पाहू या, शब्द उठून दिसतील. ताकाला जाऊन भांडं लपवणं ते हेच. खर्जात गाणारे पोस्टमास्तर खूश झाले, कारण पेटी थांबली की त्यांचाच आवाज राही. पाळकसाहेबांनाही कल्पना आवडली.

पहिल्या रविवारी पेटी थांबली आणि मंडळी जी पांगली ती पांगलीच. बायका वर गेल्या, पुरुष खाली बसले, पोस्टमास्तर एकटेच अर्धी ओळ पुढे. मधलीने बाकड्यावरूनच उजवा हात उंचावून ठेका धरला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. मग तीच सवय झाली. दर रविवारी शेवटचं कडवं आलं की पेटी गप्प व्हायची, मधलीचा हात वर जायचा, आणि सगळी मंडळी त्या हाताकडे बघून गायची. महिन्याभरात इतकं छान जमलं की दुसऱ्या चर्चची माणसं ऐकायला येऊ लागली. मधली मनात म्हणायची, आता यांचं माझ्यावाचून अडत नाही. आपण कोणाला कशाची सवय लावतोय, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

पाठवणीच्या रविवारी चर्च भरलं होतं. आई नेहमीच्या जागी, डावीकडे दुसऱ्या बाकावर. पाळकसाहेबांनी विचारलं, “कोण जाईल?” गीत सुरू झालं. पहिल्या कडव्याला मधलीचे पाय थरथरत होते, त्यामुळे पेटीचाही आवाज थरथरला, आणि लोकांना वाटलं आज ही फार भावनेने वाजवते आहे. चौथं कडवं आलं. तिने हात उचलले, पाय उचलले. पेटी कण्हली आणि थांबली.

मधली बाकड्यावरून उठली आणि चालू लागली.

किती थोडं अंतर होतं ते. तेवढ्यासाठी तिची सगळी जवानी खर्ची पडली होती. वेदीपुढे दोन मुली आणि एक सुतार असे तिघं आधीच येऊन उभे होते. मधली त्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. आता झालं, असं तिला वाटलं.

पाळकसाहेबांनी तिच्याकडे पाहून कौतुकाने मान हलवली आणि ते दोन पावलं बाजूला सरकले, गायकाला मोकळी जागा द्यावी तसे. सगळी मंडळी तिच्या उजव्या हाताकडे बघत होती. ठेका सगळ्यांना नीट दिसावा म्हणून मधली आज पुढे आली, किती विचारी मुलगी, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. हात वर जाईना, तसे सूर सैल पडू लागले. पोस्टमास्तर भलतीकडे निघाले. सूर पडतोय हे कानाने ऐकायचं आणि हाताने गप्प राहायचं, हे मधलीला जमण्यातलं नव्हतं. तिचा हात वर गेला. तिने ठेका धरला आणि डोळ्यांत पाणी असताना ते कडवं शेवटपर्यंत नेलं. इतकं सुंदर ते पूर्वी कधी झालं नव्हतं.

गीत संपलं. पाळकसाहेबांनी पहिल्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मग दुसरीच्या, मग सुताराच्या. मग ते मधलीपाशी आले आणि खाली वाकून हळूच म्हणाले, “छान झालं हं, बाळ. जा आता, आमेन वाजव.”

मधली आजवर वाजव म्हटलं की वाजवत आली होती. आताही तिचा एक पाय पेटीच्या दिशेला वळला. तीन आमेन वाजवायचे की सगळं पहिल्यासारखं होईल, कोणाला काही कळणारही नाही. पुढच्या वर्षी कोणी विचारणार नाही, आणि ते आजोबा दोरी बांधून बसतील.

“मी वाजवायला नाही आले,” ती म्हणाली. आवाज लहान होता, पण पेटी गप्प होती, तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत गेला. “मला जायचंय.”

पाळकसाहेबांचा हात हवेतच राहिला. माणूस ते चांगले होते; आपण कितीदा या मुलीला त्या बाकड्यावर परत बसवलं, हे त्यांना त्या एका क्षणात आठवलं असावं. त्यांनी काय करावं हे न सुचून दुसऱ्या बाकाकडे पाहिलं. पाळक बघतात म्हटल्यावर सगळ्या मंडळीनेही तिकडे पाहिलं. आमेन झालं नव्हतं, आणि पेटीशी कोणी नव्हतं. आईने हो किंवा नाही अशी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं.

आई पुढच्या बाकाची पाठ धरून उठली. गुडघ्यांमुळे तिला वेळ लागला. ती मधलीकडे बघत राहिली, रोज खिडकीतून बघायची तशी. फक्त आज ती आत पळाली नाही. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिने तोंड उघडलं आणि पहिलं आमेन एकटीने गायला सुरुवात केली.

हा आवाज कोणाचा, हे मधलीला आधी कळलंच नाही. आई घरात कधी गुणगुणतही नसे. आणि इथे, इतके रविवार, आई दुसऱ्या बाकावर गात होती आणि मधली पेटीवर बसली होती. पेटीच्या आवाजाखाली, आणि पेटी थांबली की सगळ्या मंडळीच्या आवाजाखाली, तो आवाज तिच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता. बारीक होता, सुराच्या जरा खालून जाणारा, आणि श्वासासाठी मधेच थांबणारा. दुसऱ्या आमेनला पोस्टमास्तरांनी तो उचलला, तिसऱ्याला सगळ्यांनी.

पाळकसाहेबांचा हात मधलीच्या डोक्यावर आला. तिला मागे वळून आईकडे बघायचं होतं. वर्षभर ज्या बेटांसाठी जीव तुटला होता, त्यांच्यासाठीही तो इतका तुटला नव्हता. पण डोक्यावर हात असताना कोणी मागे वळत नाही. ती डोळे मिटून, सगळ्या मंडळीच्या आवाजातून तो एक आवाज शोधत उभी राहिली.