सकाळीच सोडवलेलं कोडं

इंद्रभानला रविवार नकोसा झाला होता. व्हायचाच! करणीच तशी केली होती पठ्ठ्यानं.

मलकापूर स्टेशनावर तो पार्सलबाबू. त्याचा लंगोटीयार तुळशीराम शिंपी लकव्यातून उठला, हात वळू लागला, पण मापं डोक्यात राहतील की नाही या धास्तीनं कैचीला शिवेना. तेव्हा त्याची बायको केसरबाई इंद्रभानला म्हणाली, "भाऊ, दर रविवारी त्याहीच्या संग पेपरातलं शब्दकोडं सोडवत जा. डोकं चालते असं वाटलं, की कैची धरतीन ते."

इंद्रभान जायचा. पण पेपरचे गठ्ठे पहाटेच्या गाडीनं त्याच्याच हाती यायचे. चहा पिता पिता तो कोडं मनातल्या मनात सोडवायचा आणि दुपारी तेच कोडं कोरं घेऊन दोस्तापुढे बसायचा. तुळशीराम आठवत असायचा, तोवर याचं उत्तर तयार. शाळेत सदा तुळशीरामच्या मागे राहिलेला माणूस, गंमत वाटायची त्याला. मेल्याला लाज कशी वाटली नाही, कोण जाणे.

एका रविवारी तुळशीरामनं पेन्सिल खाली ठेवली. "माह्यं डोकं गेलं, गड्या. तू पाहतं अन् सांगतं. मले अर्धा अर्धा तास सुचत नाही. मशीन बाजारपेठेतल्या कचरू शिंप्याले देऊन टाकतो. आज गाडी घेऊन ये म्हणलं त्याले."

"अबे, मी सकाळीच सोडवून येतो," इंद्रभान म्हणाला. "दुसऱ्यांदा पाह्यलेलं कोडं कोणालेही सुटते. आधी न पाहता बसलो तर मीही तुह्यासारखाच अडतो. चुकलो मी."

तुळशीरामचे डोळे भरून आले.

"माह्यासाठी खोटं बोलून राह्यला तू."

"खोटं नाही बे. पुढच्या रविवारी पाह्य ना, पेपर तूच उघड."

"मंग तू मुद्दाम अडशीन. मले समजत नाही का?" त्यानं आत हाक मारली, "अवं, चहा टाक. असा दोस्त नशिबानं भेटते."

केसरबाई चहा घेऊन आली. इंद्रभानला तिच्याकडे वर मान करून बघवेना.

तेवढ्यात कचरू बैलगाडी घेऊन दारात आला. मशीन जड होतं आणि तुळशीरामच्या हातात अजून जोर नव्हता.

"इंद्रभान, एका बाजूनं धर जरा," तुळशीराम म्हणाला.

इंद्रभाननं धरलं.