हेलिकॉप्टर आलं की

मी एक म्हातारं खेचर आहे, मित्रांनो. आई घोडी, बाप गाढव. माझी अक्कल कोणाकडून आली, यावर लोक अजून भांडतात.

माझा जन्म कोलंबियाच्या डोंगरातला. ऐन उमेदीत मला बंडखोरांनी नेलं. तांदूळ, भांडी, औषधं, जखमी माणसं, सगळं मी वाहिलं. माझी देखभाल एदिल्मा नावाची काटकुळी पोरगी करायची. तिने मला एकच धडा दिला: लष्कराच्या हेलिकॉप्टरचा आवाज आला की झाडाखाली घुसायचं आणि हूं की चूं करायचं नाही. तो मला इतका पक्का बसला, की म्होरक्या म्हणायचा, "तुम्हा सगळ्यांत हाच शहाणा!"

मग सरकारशी तह झाला. बंदुका जमा झाल्या. मला कोणी मागितलं नाही, म्हणून मी एदिल्माकडेच राहिलो. मळ्यांतली कॉफी खाली सडकेपर्यंत पोचवायची आणि पोट भरायचं, असं तिने ठरवलं. पण बंडखोरांच्या खेचरावर माल लादणार कोण? तोडणीचा हंगाम सरत आला, तरी आम्ही देवळापाशी नुसते उभे. माझ्या खोगिराचं चामडं वाळून तडकलं. एदिल्मा मला गूळ द्यायची आणि स्वतः उपाशी झोपायची. याचं मला फार वाईट वाटायचं.

शेवटी वरच्या मळ्याच्या मालकीण ऑर्फिलियाबाईंचं खेचर लंगडं झालं, म्हणून त्या आल्या.

"एकच खेप. पोतं फुटलं तर परत माझ्या दारात दिसायचं नाही. आणि मी बरोबर येणार. तुम्हा लोकांचा काय भरवसा!"

"या की, काकू. गप्पा होतील."

"गप्पा? तुझ्याशी? चल, हाक त्याला."

अर्धा उतार झाला आणि वर घरघर सुरू झाली. मी थेट झाडाखाली! फांदीत अडकून पोतं टरकन फाटलं, बिया चिखलात. एदिल्मा माझ्या पायांशी पालथी, हात डोक्यावर. संपलं, म्हटलं, आता आपल्याला कोण विचारतंय!

आवाज दूर गेला. माझ्या मागच्या पायांशी कोणीतरी धापा टाकत होतं. पाहतो तर ऑर्फिलियाबाई! शाल डोक्यावरून ओढून चिखलात पालथ्या पडलेल्या.

एदिल्माने मान वर केली. "काकू, तुम्ही पण?"

"मग काय! बॉम्ब तुमच्या नावाने पडायचे, पण घर माझं होतं."

एदिल्माच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाई शाल झटकत उठल्या.

"रडतेस काय? बिया वेच. उद्या लवकर ये, अजून बरीच पोती आहेत. आणि त्या गाढवाच्या लेकराला गूळ दे, थरथरतंय बघ."

आता इथलं हेलिकॉप्टर आजारी माणसांना न्यायला येतं. ते मला कळतं, पण पाय ऐकत नाहीत. मित्रांनो, असं कोणी घाबरून तुमच्या झाडाखाली आलं, तर आधी कोणत्या बाजूचं होतं ते विचारत बसू नका. थोडं सरका. आणि खिशात गूळ असेल, तर तोही द्या.