निरोगी बहिणी आधी मेल्या

मी नऊ नंबरच्या पिंजऱ्यातला उंदीर बोलतोय. वय अकरा आठवडे. माझ्या घराण्यात याहून फार कुणी जगत नाही.

आमच्या अंगात माणसाचा एक बिघडलेला जनुक मुद्दाम घातलाय. त्यानं हंटिंग्टन नावाचा आजार होतो. हातपाय आपोआप उडतात, तोल जातो, हळूहळू डोकंही जातं. तो बापाकडून, नाहीतर आईकडून लेकरांत उतरतो.

आम्ही सात भावंडं. डोळे उघडून थोडे दिवस झाले, तेव्हा फरहानं आमच्या शेपट्यांची टोकं कापून तपासली. ती इथं प्रयोगशाळेत संशोधन करते, रोज मंगरूळपीरहून एसटीनं येते. तिघांत दोष निघाला. निरोगी चौघांपैकी दोघे तुलनेसाठी ठेवले आणि दोन बहिणी गॅसच्या डब्यात गेल्या.

"ह्या काही कामाच्या नाहीत," फरहा म्हणाली.

मी आजारी निघालो, म्हणून वाचलो.

मग रोज तोंडात कडू औषध आणि फिरता दांडा. आम्ही दांड्यावर चालायचं, पडलो की फरहा सेकंद लिहिणार. आधी मी तीन मिनिटं टिकायचो. आता पाय ठेवतो आणि पडतो. शेपटीला धरून उचललं, की निरोगी उंदीर पाय फाकवतो. माझे पाय पोटाशी आवळले जातात, सुटता सुटत नाहीत. ते बघताना फरहाचा चेहरा उतरतो. तिच्या अब्बूंना, शफीकमियांना हाच आजार आहे. ते शिंपी होते. आयुष्यात दारूला शिवले नाहीत, तरी गल्लीतली पोरं त्यांना बेवडा म्हणून दगड मारतात.

काल दुपारी तिचा धाकटा भाऊ अरसलान आला. दोघांनी रक्त तपासायला दिलं होतं.

"आपा, तुह्यात नाही," तो कागद पुढे करत म्हणाला. "माह्यात हाय."

फरहानं कागद घेऊन दोनदा वाचला. तो माझ्या पिंजऱ्यावर वाकला.

"हा काहून असा थरथरून राह्यला? याले औषध देतं ना तू?"

"देतो."

"मंग? गुण येऊन राह्यला का?"

औषधवाले आणि बिनऔषधवाले, आम्ही सारे आजारी उंदीर एकाच आठवड्यात दांड्यावरून पडायला लागलो होतो. वहीत ते तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. फरहानं वही मिटली.

"येऊन राह्यला थोडा थोडा," ती म्हणाली.

"मंग मले कवा देशीन?"

"लवकरच."

तो हसला, गाडीला किक मारून गेला. निकाहाची तारीख त्यानं आजच मुलीकडच्यांना सांगून टाकली म्हणे.

आता फरहानं हातमोजे घातलेत. माझा मेंदू कापून काचेवर बघायचाय. डबा तयार आहे. फरहा, मला सोड असं मी म्हणत नाही. सुटून मी चार पावलंही चालणार नाही. पण माझ्या मेंदूत जे दिसेल, ते अरसलानला आणि त्या मुलीला निकाहाआधी सांग.

ती झाकण उघडतेय. हात अगदी स्थिर आहेत तिचे.