सॉनात बघायचं नसतं

शनिवारी दुपारी रेइयोने नेहमीसारखी बर्चची लाकडं पेटवली आणि पाचच्या सुमारास बापलेक सॉनाच्या गरम वाफेत वरच्या फळीवर नागडे बसले. वीस वर्षांचा नीलो तापलेल्या दगडांवर पाणी ओतायला वाकला, तेव्हा रेइयोला दिसलं. पोराचा अंडकोश एका बाजूने फुगला होता. त्याने डोळ्यांवर कातडं ओढलं. सॉनात कुणी कुणाच्या अंगाकडे बघत नाही, चुकून बघितलं तर बोलत नाही. आमच्या गावची ही रीत, आणि तिचा आम्हाला केवढा अभिमान!

गाठ नीलोलाही कळली होती. पण दुखत नव्हती, मग चारचौघांत शोभा कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. असे सोळा शनिवार गेले. मग खोकल्यातून रक्त पडलं.

"कॅन्सर फुप्फुसांत आणि मेंदूत पसरलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सुरुवातीलाच आला असता तर बहुधा एका शस्त्रक्रियेवर भागलं असतं. औषधं देतोय, पण खोटा धीर नाही देत."

बाहेर आल्यावर नीलोच्या आईने, सिर्काने, नवऱ्याला विचारलं, "दर शनिवारी त्याच्या शेजारी बसायचास ना रे? तुला दिसलं नाही?"

"दिसलं होतं."

"मग?"

रेइयो कोटाची बटणं लावू लागला.

"लाजलास," ती म्हणाली. "माझ्या पोराच्या जिवापेक्षा तुझी लाज मोठी!"

पुढच्या शनिवारी रेइयो शेजारच्या ओइवाच्या सॉनात गेला. ओइवा होता, त्याचा तरणाताठा मुलगा आर्तू होता.

"नीलो कसा आहे?" ओइवाने विचारलं.

"मरतोय."

ओइवाने घाईघाईने दगडांवर पाणी ओतलं. वाफेचा आवाज झाला की बोलावं लागत नाही. रेइयोने त्याच्या हातातलं ओगराळं हिसकावलं.

"ऐक! चार महिन्यांपूर्वी मी त्याची गाठ पाहिली होती. तोंड शिवून बसलो."

"जाऊ दे रे. इथे कशाला तो विषय?"

"इथेच! कपडे घातल्यावर कुणाला दिसणार आहे?"

खालच्या फळीवर आर्तूने पंचा मांडीवर ओढून घेतला.

"काका," तो हळूच म्हणाला, "दुखत नसली, तरी दाखवायची?"

ओइवाने चमकून मुलाकडे पाहिलं आणि सवयीने लगेच मान खाली घातली.

"बघ!" रेइयो ओरडला. "ओइवा, मान वर कर. बघ त्याच्याकडे!"