मोझेलकाठचा हारा

मित्रांनो, मी द्राक्षे वाहण्याचा एक जुना हारा आहे. सिंगापुरात, क्लेमेंटीतल्या एका फ्लॅटच्या दारामागे मी उभा असतो. माझ्यात छत्र्या आणि बॅडमिंटनच्या रॅकेट ठेवतात. पण माझा जन्म फार लांबचा, जर्मनीतल्या मोझेल नदीच्या काठचा.

तिथल्या एका मळेवाल्याच्या मुलाने, मथियासने, मला विणले, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. भर हिवाळ्यात त्याने नदीकाठच्या वाळुंजाच्या झाडांच्या लवचीक फोका तोडल्या, भिजवल्या आणि वडिलांच्या नजरेखाली तीनदा उसवून चौथ्यांदा मला पुरे केले. त्या गावचे द्राक्षमळे म्हणजे उभा कडाच! पायाखाली पाटीच्या दगडाचे काळे तुकडे. पाऊल चुकले की माणूस थेट खाली. बायका घड कापून माझ्यात टाकत आणि मथियास मला पाठीला बांधून उतरणीवरून नेई. एका साली थंडी लवकर पडली, तरी आम्ही एकही घड वाया जाऊ दिला नाही. त्या वर्षी गावच्या सणात त्याने माझ्या काठाला वेलीची पाने बांधली. लोक माझ्याकडे बोट दाखवत होते.

पुढे प्लास्टिकची टोपली आली आणि मी माळ्यावर गेलो. मथियासची मुलगी उलरिके हिने सिंगापुरातच तुआसला जहाजदुरुस्तीत असलेल्या धनेशशी लग्न केले आणि माहेरची खूण म्हणून मला इकडे आणले. मराठी मी याच घरात शिकलो. इथल्या दमट हवेने मला बुरशी लागली, बुडाच्या फोका सुटल्या. कोणाचे लक्ष गेले नाही.

गेल्या वर्षी शहात्तर वर्षांचा मथियास मळ्यात घसरला. खुब्याचे हाड मोडले. घरी दुसरे कोणी नाही, आणि तो कडा कसायला गावातले कोणी तयार होईना. सोडून दिलेल्या वेलींचा रोग शेजारच्या मळ्यांत पसरतो, म्हणून त्या उपटायचे ठरले.

"आपण जाऊ," धनेश म्हणाला. "मी पंधरा दिवस रजा काढतो."

"पंधरा दिवसांनी मळा जगत नाही, धनेश," उलरिके म्हणाली. "तिथे माणूस राहावा लागतो."

 इथली नोकरी, लेकीची, जाईची शाळा, हे सगळे सोडून जाणे दोघांनाही जमणारे नव्हते.

वेली उपटल्या त्या दिवशी मथियासच्या शेजारणीने आम्हांला दाखवायला मळ्यातून व्हिडिओ फोन धरला होता. मथियास चाकाच्या खुर्चीत, पायथ्याशी. यंत्राचा दोर ताणला जाई आणि एकेक जुनी वेल मुळासकट वर येई. इकडे घरी उलरिके तोंडावर हात दाबून पाहत होती. मी तिच्या मागेच होतो. ज्या वेलींचे घड मी वाहिले, त्याच उपटल्या जात होत्या; तिला मी काय आधार देणार?

"आपला हारा आहे ना?" मथियासने एकदम विचारले.

उलरिकेने छत्र्या काढून मला फोनसमोर धरले. माझे फाटके बूड त्याने बराच वेळ पाहिले.

दहा वर्षांची जाई पुढे आली. आजोबांना ती तिकडच्या रीतीने 'ओपा' म्हणते आणि सिंगापूरच्या मुलांसारखे वाक्याला 'lah' जोडते. "ओपा, teach me lah! मी नीट करते."

मथियासने हात वर केले. बोटे थरथरत होती. एक फोक अशी, दुसरी तिच्याखालून... बोटे अडखळली. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळली.

"असं नाही येत गं," तो हळूच म्हणाला. "तुझा हात माझ्या हातात हवा होता."

जाई फोनच्या काचेवर बोट ठेवून बसून राहिली.

मित्रांनो, मला पुसा, उन्हात ठेवा, असे मी म्हणणार नाही. वस्तू काय, आज ना उद्या मोडायचीच. पण ती घडवणारे हात तुमच्या घरात असतील, तर ते थरथरू लागण्याआधी त्यांच्याजवळ जाऊन बसा.