दप्तरातलं पिल्लू

पौषातली सकाळ. माळरानावर कोवळ्या उन्हाचा सोनसडा पडला होता. वाऱ्याच्या एकेका लहरीसरशी तो गवताचा पीतवर्ण सागर क्षितिजापर्यंत हेलावत होता, हेलावून निःशब्द होत होता.

त्या माळाच्या काठाला एक कौलारू शाळा होती. तिथे सातवीच्या वर्गात कुमुदिनीबाईंच्या कंठातून आठवडाभर एक लांडगी चालत आली होती.

ती गोष्टीतली लांडगी. धूसरवर्णा, पिंगलनेत्रा, पवनपदा. बाई वाचत आणि वर्ग श्वास रोखून ऐके. आई बिळात पिल्लांना पाजते, बाप दूरवरून पोटात घास आणून भरवतो, थोरली भावंडं धाकट्यांची राखण करतात, हे ऐकताना मेंढपाळांच्या त्या लेकरांचे डोळे विस्फारत. ज्यांच्या घरी लांडग्याचं नाव शिवीसारखं घेतलं जाई, ती मुलं आता हलकेच विचारत, "बाई, पिल्लं थोर झाली का?"

आणि त्या सकाळी म्हाळसा कोळपे उशिरा आली. दप्तर छातीशी कवटाळलेलं. दप्तर हलत होतं.

"बाई, बघा की. तुमच्या गोष्टीतल्यावानीच हाय."

दप्तरातून एक मृदुल, मृत्तिकावर्ण जीव बाहेर आला. नुकतेच उघडलेले नीलधूसर डोळे. थरथरती इवली शेपूट. वर्गभर आनंदाचा अस्फुट चीत्कार उमटला. क्षणभर, एकच क्षण, बाईंच्या अंतरंगातही हर्षाची वीज लखलखून गेली. आपले शब्द सजीव झाले! आणि लगेच त्या भानावर आल्या.

"अगं, कुठून आणलंस हे?"

"वड्याकाठच्या बिळातनं. समद्यांनी बघावं म्हणून. सांजच्याला परत ठिवणार हाय मी."

तिच्या मुद्रेवर अपराधाची छायाही नव्हती. होती ती केवळ माया. शुभ्र, निरागस, अनावर माया. बाईंनीच पेरलेली.

त्यांनी वनरक्षक धायगुडेंना फोन केला. म्हाळसा वाट दाखवत पुढे, पिल्लाला पदराखाली घेतलेल्या बाई मागे. सोबत धायगुडे. बीळ गाठलं तेव्हा ते रिकामं होतं. मऊ मातीवर ताज्या पावलांची नक्षी होती, आणि आत केवळ दुधाचा, उबेचा, निघून गेलेल्या संसाराचा गंध.

"माणसाची चाहूल लागली," धायगुडे म्हणाले. "उरलेली पिल्लं हलवली तिनं. ह्याला न्यायला येईल कदाचित. लांब बसू."

पिल्लाला बिळाच्या तोंडाशी ठेवून तिघं दूर बाभळीआड बसली. पिल्लू रडत होतं. बारीक, तंतूसारखा तो स्वर माळभर ताणला जात होता. माध्यान्ह उलटली. छाया लांबल्या. ऊन केशरी झालं.

आणि ती आली.

टेकाडाच्या माथ्यावर, मावळत्या तेजाच्या कडेला, धूसरवर्णा, कृशांगी, स्तन्यभारानं जड झालेली. एक पाऊल पुढे. कान टवकारलेले. आणखी एक पाऊल. बाईंचा प्राण डोळ्यांत गोळा झाला. ये, माये, ये.

तेवढ्यात ओढ्यातून तीन-चार कुत्री उसळली. म्हाळसाच्या वस्तीवरचीच. तिचा माग काढत आलेली, तिला जीव लावणारी. ती भुंकत टेकाडाकडे झेपावली. बाई उठल्या, हात हलवले, ओरडल्या. म्हाळसाही ओरडली. कुत्री थांबली नाहीत. माथ्यावरची आकृती क्षणभर थबकली, वळली, गवतात विरघळली.

मग दिवस मावळेपर्यंत गवत हललं ते केवळ वाऱ्यानं.

"बाई, रात्री इथं सोडलं तर कुत्रीच फाडतील," धायगुडे हळू आवाजात म्हणाले. त्यांनी पिल्लू सोबत आणलेल्या टोपलीत ठेवलं. "बचाव केंद्रात नेतो. जगंल ते. पण आता पिंजरा आला."

म्हाळसा टोपलीकडे बघत राहिली, मग बाईंकडे.

"बाई, ह्याला शिकार कोण शिकवंल?"

आठवडाभर ज्यांची वाणी निर्झरासारखी वाहिली होती, त्या बाईंनी पोरीला नुसतं जवळ ओढलं.

धायगुडेंची मोटारसायकल धुळीत लोपली. बाई तिथेच बांधावर बसल्या. लुगड्याच्या काठाला कुसळं रुतली होती, असंख्य, सुईसारखी. म्हाळसा खाली बसून एकेक कुसळ उपटू लागली. बाईही उपटू लागल्या. एक निघे, दुसरं खोल रुते. आणि माळावरून अंधार येत राहिला, तृणातृणावरून, हळू, हळू, हळू.