चेरीची गड्डी

आर्डिस लुंडच्या शिवणाच्या खोलीत कापडी चौकोनांच्या सत्तावीस गड्ड्या होत्या आणि त्यांतली एकही तिने कधी उघडली नव्हती. एकेका गड्डीत पाच इंची बेचाळीस चौकोन, प्रत्येकाचा रंग निराळा, कडा करवतीच्या दात्यांसारख्या बारीक कातरलेल्या आणि वरून फीत बांधलेली. दुकानात एखादी आवडली की आर्डिस ती घरी आणायची, नाताळात मिळालेल्या पॉपकॉर्नच्या उंच पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि गोधडी मात्र जुन्या शर्टांची शिवायची. ‘चांगल्या कामासाठी ठेवल्यात,’ हे तिचं ठरलेलं उत्तर. तिचा नवरा व्हर्न म्हणायचा, हिला पुरायची वेळ आली की डब्यासकटच पुरावं लागणार. दोघं हसायची.

त्या शरद ऋतूत मात्र आर्डिसला त्या विनोदावर हसू येत नव्हतं.

सप्टेंबरात तिने छातीची नेहमीची तपासणी करून घेतली होती. आठवड्याभरात हॉस्पिटलचं पत्र आलं. डाव्या बाजूला काहीतरी वेगळं दिसतंय, आणखी फोटो काढावे लागतील, लवकर येऊन जा. आर्डिसने ते उभ्याउभ्या वाचलं, घडी घातली आणि डब्याच्या तळाशी असलेल्या, चेरी छापलेल्या गड्डीच्या फितीखाली सरकवलं. घरात त्याहून सुरक्षित जागा नव्हती. पंधरा दिवसांनी दुसरं पत्र आलं, ते तिने फोडलंसुद्धा नाही. तेही पहिल्याच्या सोबतीला गेलं. मग हॉस्पिटलातून फोन आला. ‘आर्डिस गावाला गेलीय,’ असं आर्डिसनेच सांगून टाकलं आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरातल्या खुर्चीत ती बराच वेळ बसून राहिली.

ही बाई वेडी नव्हती. ती चौदा वर्षांची असताना तिची आई दोन हिवाळे छातीला फडकं बांधून घरात वावरत होती. काय झालंय ते कुणी बोलत नसे. शेजारणी दारात जेवणाचा डबा ठेवून कुजबुजत परत जायच्या. शेवटी डॉक्टर आला, त्याने आजाराचं नाव घेतलं आणि तिसऱ्या आठवड्यात आई गेली. तेव्हापासून आर्डिसच्या मनाने घेतलं होतं की माणूस मरतो तो नाव घेतल्यावर. नाव घेतलं नाही, तोवर आपण आहोत.

आपल्यातल्याही किती जणी असाच हिशेब करत असतील, कोण जाणे.

दर मंगळवारी गावातल्या नऊ बायका चर्चच्या तळघरात जमून हॉस्पिटलातल्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी गोधड्या शिवत. आर्डिस त्यांतली सगळ्यांत सफाईदार. पण पत्र आल्यापासून तिला त्या गोधड्यांना हात लावणं नको झालं होतं. कुणासाठी शिवतोय, हा विचार आला की सुई जागच्या जागी थांबायची. गुडघा दुखतोय असं सांगून पाच मंगळवार ती गेलीच नाही.

सहाव्या मंगळवारी ती केस कापून घरी आली, तर व्हर्न मोठ्या खुशीत होता. मंगळवारच्या मंडळातली जॅनेल येऊन गेली म्हणाला. हॉस्पिटलने एकदम बारा गोधड्या मागितल्यात, कापड संपलंय, म्हणून ती घरोघरच्या गड्ड्या गोळा करत होती.

“मी आख्खा डबाच दिला तिला,” व्हर्न म्हणाला. “म्हटलं, तू नेहमी म्हणतेस ना, चांगल्या कामासाठी. याहून चांगलं काम कुठलं?”

आर्डिसने फडताळाकडे पाहिलं. डब्याच्या जागी धुळीचं गोल वर्तुळ तेवढं उरलं होतं. तिने गाडीची किल्ली उचलली. व्हर्न मागून विचारत होता, अगं, गुडघा दुखत होता ना.

चर्च जेमतेम दीड मैलावर, पण तिला तो रस्ता संपेना. दोन्ही बाजूंना मक्याची कापणी चालली होती, यंत्रं धूळ उडवत होती आणि तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. जॅनेल फीत ओढतेय, पाकीट खाली पडतंय, जॅनेल ते उचलतेय. जॅनेलला कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत किराणा दुकानात कळणार, उद्या व्हर्नला. मग सगळे तिच्याकडे तसं बघणार, जसं तिच्या आईकडे बघायचे. दारात डबे येणार.

तळघरात कॉफीचा वास दरवळत होता. लांब टेबलांवर फिती सुटून पडल्या होत्या आणि रंगांचा नुसता बाजार भरला होता. दोघी जणी चौकोन जमिनीवर मांडून डोळे किलकिले करून बघत होत्या, गडद शेजारी गडद येतोय का ते. जॅनेलचं म्हणणं, एवढा विचार कशाला, सगळे कागदी पिशवीत घाला, न बघता हात घाला, येईल त्याला येईल तो जोडा. तिच्या पिशवीत शे-दोनशे चौकोन आधीच पडले होते.

“आली गं आली, गुडघेवाली,” जॅनेल म्हणाली. “घाबरू नकोस, तुझा खजिना चांगल्या हाती पडलाय.”

आर्डिस हसल्यासारखं करून टेबलावरून नजर फिरवू लागली. मोजून पाहिलं. न सोडलेल्या नऊ गड्ड्या शिल्लक होत्या. चेरीची त्यांत नव्हती. सुटलेल्या ढिगांत चेरी छापलेला एकही चौकोन दिसेना. कुणाच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते तिने पाहिलं. कुणी तिच्याकडे जास्त वेळ बघितलं की तिला वाटायचं, हिला कळलंय, आणि कुणी नजर वळवली की वाटायचं, हिला तर नक्कीच. काहीतरी करायला हवं म्हणून ती मशीनवर बसली आणि हाताला येतील ते चौकोन जोडू लागली.

टेबलाच्या टोकाला ओपलबाई बसल्या होत्या. वय ब्याऐंशी. या गावातल्या अर्ध्या बायकांना शिवण त्यांनीच शिकवलेलं. त्या उठून आर्डिसच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेली पट्टी त्यांनी शेजारच्या पट्टीवर ठेवून पाहिली. दोन्हींत सात-सात चौकोन, पण आर्डिसची पट्टी दीड इंच आखूड होती.

“तू खाचेपासून माप घेतलंस,” त्या म्हणाल्या. “कातरलेल्या कडेच्या टोकापासून घ्यायचं, खाचेपासून नाही. हे मला तूच नव्या मुलींना सांगताना ऐकलंय.”

ओपलबाईंनी बाकीच्यांना वर जाऊन सँडविच खाऊन यायला सांगितलं. त्यांचं सांगणं कुणी मोडत नसे. जिन्यावरची पावलं थांबल्यावर त्यांनी आपल्या शिवणाच्या टोपलीतून चेरीची गड्डी काढली आणि मशीनशेजारी ठेवली. फीत तशीच होती. फितीखालून पाकिटाचा कोपरा डोकावत होता.

“वाचलं नाही मी. पण ते पाकीट ओळखते.”

आर्डिसला वाटलं, आता या नाव घेणार. तिने अक्षरशः कानांवर हात ठेवले, लहान मुलासारखे. ओपलबाईंनी ते हळूच खाली घेतले.

“पोरी, बारा वर्षांपूर्वी मी तीन महिने बहिणीकडे डुलूथला गेले होते, आठवतं?”

“हो. तिला सोबत म्हणून.”

“मला बहीण नाही. मी हॉस्पिटलात होते. कर्करोग होता मला. छातीचा.”

आर्डिस त्यांच्याकडे बघतच राहिली. बारा वर्षं! या बाईने बारा वर्षं दर मंगळवारी इथे कॉफी उकळली होती, तिच्या शिवणीतल्या चुका काढल्या होत्या आणि ही जिवंत होती. नाव घेतल्यानंतरही.

“कुणाला सांगितलं का नाहीत?”

“लाज वाटली. भीती वाटली. लोक डबे घेऊन येतील आणि कुजबुजतील. तुझ्या आईच्या दारात डबा ठेवून कुजबुजत गेले ना, त्यांत मीही होते.” ओपलबाईंनी पाकिटाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “वाटलं, मी बरी झाले, विषय संपला. आज सकाळी हे पाकीट दिसलं तेव्हा कळलं, माझ्या गप्प बसण्याची किंमत कोण मोजतंय. मी बोलले असते, तर तू हे फितीखाली लपवलं नसतंस.”

“मला भीती वाटते, ओपलबाई.”

“वाटणारच. मलाही वाटली. पण ही पट्टी बघ. पहिल्याच शिवणीला उसवली असतीस तर चार टाके. आता सगळी उसवायची. उशीर केला की एवढंच होतं बघ, काम वाढतं. आणि कधीकधी उसवण्यापलीकडे जातं. तुझ्या आईचं गेलं.”

मग त्या हळूहळू जिना चढून आपल्या गाडीकडे गेल्या आणि एक जुनी गोधडी घेऊन आल्या. निळे, पिवळे, विटकरी चौकोन, सहा उभ्या रांगा, सात आडव्या. हॉस्पिटलात पहिल्या उपचाराच्या दिवशी नर्सने ती त्यांच्या अंगावर घातली होती. घरी आणून त्यांनी ती फडताळात तळाशी कोंबून ठेवली होती, कुणी ओळखू नये म्हणून. आज सकाळी पाकीट पाहिल्यावर त्या घरी जाऊन ती घेऊन आल्या होत्या. त्यांनी गोधडी उलटी केली. मागच्या कोपऱ्यात, त्यांच्या मंडळाच्या रिवाजाप्रमाणे, शिवणारीचं नाव भरलेलं होतं. आर्डिस लुंड.

आर्डिस त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली आणि तिला रडू फुटलं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा.

सगळ्या जणी खाली आल्या तेव्हा ओपलबाईंनी सगळ्यांसमोर उभं राहून तेच सांगितलं, आजाराच्या नावासकट. आर्डिसविषयी चकार शब्द काढला नाही. मग जॅनेल, जिच्या पोटात काही राहत नाही अशी साऱ्या गावाची खात्री होती, ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, “माझीसुद्धा गाठ काढलीय. चार वर्षं झाली.” नऊ जणींत दोघी, आणि परक्यांसाठी गोधड्या शिवताना कुणी एकीलाही दुसरीचं माहीत नव्हतं! तेव्हा आर्डिसने स्वतःच फितीखालून दुसऱ्या पत्राचं बंद पाकीट ओढलं आणि सगळ्यांसमोर फोडलं. जॅनेलने कागद तिच्यासमोर धरला. गुरुवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. ती तारीख केव्हाच उलटून गेली होती. फोन तिने तिथूनच लावला.

संध्याकाळी व्हर्नला सांगताना ती पुन्हा रडली. डब्यासकट पुरण्याचा तो विनोद आपण कितीदा केला, ते आठवून व्हर्नही रडला. सोमवारी हॉस्पिटलात तोच घेऊन गेला. ओपलबाई मागच्या सीटवर, आणि आर्डिसच्या मांडीवर ती निळी-पिवळी गोधडी. वाटेत तिने तीनदा गाडी थांबवायला सांगितली. तिन्ही वेळा व्हर्नने थांबवली, आणि तिन्ही वेळा तीच म्हणाली, चल.

गाठ सापडली. वाटाण्याएवढी. तुकडा तपासून आल्यावर डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पाच आठवडे आधी आली असतीस तर बरं झालं असतं. पाच महिन्यांनी आली असतीस तर माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नसतं. त्यांनी नाव घेतलं. आर्डिसने डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा ती होती, व्हर्नही होता, खिडकीबाहेर मक्याने भरलेला ट्रक चालला होता.

तो हिवाळा वाईट गेला. केस गेले, भूक गेली, कित्येक सकाळी भीती तिच्याआधी जागी व्हायची. दारात डबेही आले, पण आणणाऱ्या दार वाजवून आत यायच्या, बसायच्या, आजाराचं नाव घेऊन विचारपूस करायच्या. आज दोन वर्षं झाली, आर्डिस मंगळवारी तळघरात असते.

मैत्रिणींनो, आजार लपवल्याने बरा होत नाही आणि नाव घेतल्याने वाढत नाही. तपासणीचं पत्र आलं तर ते वाचा, ठरल्या दिवशी जा. आणि तुम्ही त्यातून पार पडला असाल तर बोला, कारण तुमच्या गप्प बसण्यामुळे कुणीतरी आपलं पाकीट लपवत असेल.

चेरीच्या गड्डीची फीत आर्डिसने स्वतः सोडली. त्या बेचाळीस चौकोनांची गोधडी हॉस्पिटलात गेली. मागच्या कोपऱ्यात तिने नाव आणि फोन नंबर भरला आणि खाली, मंडळाच्या रिवाजात नव्हती अशी एक ओळ: मलाही झाला होता. मला फोन कर.